वेदनेची कैफियत

(डोंबिवली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला इतकी वर्षे अखंड चालत आलेली आहे, त्यांच्या विद्याव्यासंगास शोभेल असा एखादा ग्रंथ किंवा इतिहासातील एखादे प्रकरण मी विवेचनास घ्यावे, असे चालकांच्या मनात होते. मी त्यांच्याकडे अंगदुखीवर बोलण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती आनंदाने दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात वैद्यकीचा व्यवसाय करीत असता जी तक्रार मी सर्वांत अधिक वेळा ऐकली आणि जिच्यापुढे माझी विद्या सर्वांत अधिक वेळा थबकली, ती ही: "डॉक्टर, अंग ठणकतं, सांधे धरतात, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत." हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान कधीच नसते. रिपोर्ट निर्दोष निघाल्याचे ज्याला दुःख व्हावे अशा मनुष्याची मनःस्थिती काय असेल, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. आणि तो करावा एवढ्यासाठीच मी आपल्यापुढे उभा आहे.

माझे म्हणणे एकच आहे आणि ते आरंभीच मांडतो. ज्या वेदनेचे कारण सापडलेले नाही, तिच्याशी आपण दिवाणी कचेरीतील दाव्याप्रमाणे वागावे. पुरावा पहिल्या तारखेस हजर झाला नाही म्हणून तेथे दावा खारीज होत नाही. फिर्यादीचे बयान तपशीलवार लिहून घेतात, साक्षीदार तपासतात, मुदत देतात आणि पुढल्या तारखेस तेच दप्तर पुन्हा उघडतात. आमच्याकडे मात्र निकाल दोन, आणि दोन्ही उतावळे. घरची माणसे "वयच झालं", "लोकलनं होतं", "पावसाळी हवा आहे" असा शेरा मारून मोकळी होतात, आणि दवाखान्यातून "तुम्हाला काही झालेलं नाही" असा हुकूम मिळतो. बयान ऐकून घेण्याचे काम दोन्हीकडे राहून जाते.

यांपैकी लोकलचा शेरा आपल्या भागात विशेष जोरात आहे, आणि तसा तो का असावा हेही उघड आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणास येऊन पोहोचला, आणि तेव्हापासून या खाडीकाठच्या गावांचे दैव रुळांशी बांधले गेले. तिघांच्या बाकावर चौथी सीट म्हणून अर्ध्या मांडीने टेकून, किंवा दोन्ही हात वरच्या कड्यांत अडकवून तासभर उभे राहून, किंवा दाराशी एका दांड्याच्या भरवशावर शरीर तोलून जो मनुष्य वर्षानुवर्षे मुंबईस जातो आणि येतो, त्याची कंबर, खांदे आणि मान दुखली तर त्यात नवल कसले? स्नायूंवर सतत ताण पडला असता ते दुखतात, त्यांच्यात कठीण गाठी जाणवू लागतात, आणि फलाटावरच्या पुलाचे जिने दिवसातून चारदा चढणारे गुडघेही दुखतात, ही गोष्ट खरीच आहे. परंतु या उत्तराच्या खरेपणातच त्याचा धोका आहे. जे उत्तर शंभरातील बहुतेकांना लागू पडते, ते उरलेल्यांच्या वाट्यास न तपासता येते, आणि एकदा ते मिळाले की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही.

कल्पना करा की पंचविशीचा एक तरुण आहे. ठाण्याच्या एखाद्या कंपनीत नोकरीस लागून त्याला दोन वर्षे झाली आहेत. त्याची कंबर दुखते. लोकलमुळे, मोटारसायकलमुळे, शिळफाट्याच्या रस्त्यावरील खड्ड्यांमुळे असे जो तो सांगतो. तो सुट्टी घेऊन चार दिवस पडून राहतो, तर दुखणे वाढते. आता येथे जर त्याला एकच प्रश्न कोणी शांतपणे विचारला असता की, "बाबा, विश्रांतीने तुला बरे वाटते की वाईट?", तर सारे प्रकरण निराळ्या वाटेने गेले असते. कारण ताणाने दुखणारी पाठ विश्रांतीने शमते. आणि जी पाठ पहाटे चारला माणसाला जागे करते, उठल्यावर लाकडासारखी ताठ असते आणि चालू लागल्यावर हळूहळू सैल होते, ती दाहाची पाठ असण्याचा संभव मोठा असतो. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस नावाचा हा विकार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो आणि कटीच्या मागील सांध्यांपासून मणक्यांत चढत जातो. एच.एल.ए.-बी २७ या जनुकाशी त्याचा संबंध १९७३ साली उघडकीस आला. साध्या क्ष-किरणचित्रात त्याची खूण उमटावयास वर्षे लागतात, एम.आर.आय. चित्रात ती पुष्कळ आधी दिसते. म्हणूनच जगभर या रोग्यांची अनेक वर्षे निदानावाचून जातात. आमच्याकडे त्यांतील काही वर्षे लोकलच्या खात्यावर पडतात, एवढाच फरक. त्या तरुणाचा डोळा कधी लाल होऊन दुखला होता काय, टाच दुखत होती काय, आजोळी कोणाची पाठ वाकली होती काय, हे साक्षीदार घरातच बसलेले असतात, परंतु त्यांना समन्स जात नाही.

दुसरे उदाहरण घरात बसलेल्या, किंवा घर आणि कचेरी ही दोन्ही ओझी वाहणाऱ्या स्त्रीचे. सकाळी कणीक मळताना बोटे वळत नाहीत, दुधाच्या पिशवीचे टोक कापता येत नाही, बांगडी चढत नाही. दहा-अकराच्या सुमारास हात चालू लागतात आणि मग दिवसभर ती कामात असते, म्हणून घरातील कोणालाही काही दिसत नाही. "वाताचा त्रास आहे" असे म्हणून ती स्वतःच विषय मिटविते. वास्तविक आपल्या प्राचीन वैद्यांनी या विषयात जी बारकाई दाखविली ती आपण एका शब्दात गुंडाळून टाकली आहे. चरकसंहितेत वातव्याधी आणि वातरक्त यांचे विवेचन स्वतंत्र अध्यायांत आहे, आणि माधवनिदानात आमवात हा विकार वेगळा काढून हातापायांच्या सांध्यांची सूज, जडपणा, अन्नावरची वासना जाणे आणि विंचू डसल्याप्रमाणे होणाऱ्या वेदना ही लक्षणे एकत्र नोंदविलेली आहेत. युरोपात अशाच एका विकाराला पुढे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव मिळाले; ते आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ साली दिले. दोन्ही वर्णने हुबेहूब एकाच रोगाची आहेत असे माझे प्रतिपादन नाही. परंतु एक वात दुसऱ्या वातापासून निराळा ओळखावा, कोणते सांधे, किती, कोणत्या वेळी, कोणत्या क्रमाने, हे विचारावे, ही शिस्त आपल्या परंपरेतच होती.

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा रोग स्त्रियांत पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट अधिक आढळतो, आणि पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर सांध्यांची हानी बव्हंशी टाळता येते. तो काळ हातचा गेला की बोटे जी वाकडी होतात ती सरळ होत नाहीत. या औषधांत जे आज अग्रस्थानी आहे त्या मेथोट्रेक्सेटच्या जन्मकथेत भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत सांगितली पाहिजे. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्ये तयार झाली. १९४८ साली ते वारले, आणि संधिवातावर मेथोट्रेक्सेटचा सार्वत्रिक वापर होण्यास १९८० नंतरचे दशक उजाडावे लागले. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास प्राणावर बेतते, म्हणून ज्यांच्या घरी ते चालू असेल त्यांनी वार ठरवून तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, हे मी येथून मुद्दाम सांगतो.

त्याच १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणास खिळलेल्या एका तरुण संधिवातग्रस्त स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या औषधाचे दुष्परिणामही लवकरच कळून आले: हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, चेहऱ्याला येणारी गोल सूज, आणि एकाएकी बंद केल्यास होणारा प्राणसंकटाचा धोका. आज "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून ज्या पुड्या वेदनाग्रस्तांच्या हाती पडतात, त्यांतील कित्येकांत याच जातीचे द्रव्य कुटून मिसळलेले असते. दोन दिवसांत चमत्कार घडविणारी पुडी कोणी दिली, तर तिचे नाव आणि घटक विचारावे. आणि ते सांगण्यास जो तयार नाही त्याचे औषध घेऊ नये. जो मनुष्य अशा पुडीकडे वळतो त्याला दोष देण्याचे मात्र मला धारिष्ट होत नाही. तीन ठिकाणी "काही नाही" असे ऐकून आलेल्या माणसाला चौथ्या ठिकाणी कोणी अर्धा तास बसवून घेतले, तर तो तेथेच विश्वास टाकणार.

तपासण्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्या मध्यमवर्गाचा कागदावरील विश्वास अमर्याद आहे. आर.ए. फॅक्टर नावाची तपासणी निरोगी माणसातही कधीकधी होकारार्थी येते, जुनाट संसर्गात येते, आणि उलट खऱ्या संधिवाताच्या रोग्यांपैकी पुष्कळांत ती नकारार्थी असते. ए.एस.ओ. या तपासणीचा आकडा थोडा वाढलेला आढळला एवढ्यावरून प्रौढ माणसांना महिनोगणती पेनिसिलिनची इंजेक्शने घ्यावी लागल्याची उदाहरणे या शहरांत दुर्मीळ नाहीत. तो आकडा घशाचा एक जुना संसर्ग होऊन गेल्याचे सांगतो, त्याहून अधिक काही सांगत नाही. ड जीवनसत्त्वाचेही तसेच झाले आहे. इमारतींच्या दाटीत, ऊन न शिरणाऱ्या खोल्यांत राहणाऱ्यांत त्याची उणीव सर्रास आढळते, आणि ती तीव्र झाली की हाडे मऊ पडून बरगड्या, नडग्या आणि कंबर दुखू लागते, जिना चढवत नाही, चाल बदलते. हे निदान झाले तर उपचार सोपा आणि स्वस्त आहे. परंतु ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला, कोणी थांबवा म्हणेपर्यंत, वर्षानुवर्षे घेत राहणारी मंडळीही मी पाहतो, आणि त्यांच्या रक्तातील कॅल्शियम वाढून नवेच दुखणे उद्भवते. प्रश्न ठरलेला नसताना केलेली तपासणी उत्तर देत नाही, संशय मात्र वाढविते. थायरॉइडची मंदगती, मधुमेह, कोलेस्टेरॉलवरील औषधे, पन्नाशीनंतर खांदे आणि मांड्या एकदम धरणारा विकार, ही सर्व अंगदुखीची कारणे आहेत. कोणत्या दाराने आत शिरावे हे बयानच सांगते.

मधुमेहाचा उल्लेख आला म्हणून एका महापुरुषाचे स्मरण होते. १९४७-४८ च्या काळात, घटनेच्या मसुद्याची जबाबदारी खांद्यावर असता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेह, संधिवात आणि पायांतील मज्जातंतूंच्या वेदना यांनी ग्रस्त होते, मुंबईस डॉ. माधवराव मालवणकर यांच्याकडे त्यांचे उपचार चालत, आणि तेथेच डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय वाढून १५ एप्रिल १९४८ रोजी त्या दोघांचा विवाह झाला. सभागृहात त्यांना बोलताना ज्यांनी पाहिले त्यांपैकी कितीजणांना त्या पायांची कल्पना असेल? वेदना बाहेरून दिसत नाही, आणि कर्तबगार माणसाची तर मुळीच दिसत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे न दिसणे अधिक जुने आहे. १८६५ साली कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी, अमेरिकेस जाण्यापूर्वी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात, हिंदू स्त्रिया पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे मांडावयास संकोचतात आणि म्हणून स्त्री वैद्यांची गरज आहे, हा मुद्दा मांडला होता. त्या स्वतः त्या काळात डोकेदुखी, अशक्तता आणि ताप यांनी वारंवार आजारी असत. १८८६ साली त्यांनी पेनसिल्व्हेनियात पदवी घेतली आणि पुढल्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षात, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कल्याणात आज स्त्री डॉक्टरांची वाण नाही. तरीही सासूसासऱ्यांच्या औषधांचे वेळापत्रक तोंडपाठ असलेली सून स्वतःच्या मनगटाची सूज दाखवावयास सहा महिने लावते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

आता ज्या कामाविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो त्याकडे येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ साली 'कॉपकॉर्ड' नावाची एक योजना आखली. गरीब देशांत प्रयोगशाळेचा मोठा खर्च न करता केवळ विचारपूस आणि तपासणी यांच्या आधारे समाजातील सांधेदुखी मोजावी, हा तिचा हेतू. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली इंदापूर तालुक्यातील भिगवण हे गाव त्यासाठी निवडले. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघर पाठविले. ज्यांनी दुखते असे सांगितले त्यांना माणसाची छापील आकृती दाखवून दुखण्याच्या जागी खूण करावयास लावली, आणि मग तज्ज्ञांनी त्यांना तपासले. ४,०९२ प्रौढांपैकी शेकडा १८ हून अधिक लोकांना स्नायू किंवा सांधे यांचे दुखणे आढळले. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस दोनशेत एखाद्याला होता. झिजेची सांधेदुखी त्याच्या कितीतरी पट होती, आणि जिला कोणत्याही नावाच्या चौकटीत बसविता आले नाही अशी दुखणीही पुष्कळ निघाली. मला मोलाचे वाटते ते हे की त्या निनावी दुखण्यांना संशोधकांनी यादीतून वगळले नाही; त्यांचा स्वतंत्र रकाना केला आणि आकडा लिहिला.

निनावी दुखणेही असे लिहून ठेवण्याची किंमत दहा वर्षांनी कळून आली. चिकुनगुन्याचा विषाणू १९६३ साली कलकत्त्यास आणि १९७३ साली आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस येऊन गेला होता. त्यानंतर तो इतका दिसेनासा झाला की नव्या डॉक्टरांच्या पिढीने त्याचे नाव केवळ पुस्तकात वाचले होते. २००६ साली तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांत परतला आणि त्या एका वर्षात देशभर तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. ताप चारसहा दिवसांत उतरे, परंतु घोटे, मनगटे आणि बोटे महिनोन्महिने धरलेली राहत; माणसे काठी टेकीत जिना उतरत आणि "ताप तर केव्हाच गेला, मग हे काय?" असे विचारीत. ज्यांनी तापाची तारीख लिहून ठेवली होती त्यांना उत्तर लवकर मिळाले. ज्यांनी ती लिहिली नव्हती, त्यांतील काहींवर दुसऱ्याच संधिवाताचा शिक्का बसला. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यासह राज्यात हा रोग पुन्हा वाढला, तेव्हा हेच प्रश्न नव्याने विचारले गेले.

इतके सर्व करूनही काही माणसे अशी उरतात की ज्यांचे सर्वांग वर्षानुवर्षे दुखते, झोपेने थकवा जात नाही, साध्या दाबानेही कळ येते, आणि तरीही सांध्यात सूज नाही, रक्तात दोष नाही, चित्रात खूण नाही. १९९० साली अमेरिकन तज्ज्ञांनी शरीरावरील १८ बिंदूंपैकी ११ दाबून दुखल्यास फायब्रोमायाल्जिया म्हणावे असा दंडक घातला. २०१० साली बिंदू मोजण्याची अट काढून टाकली आणि रोग्याच्या कथनाला अधिक वजन दिले. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली, ऊतींची इजा आणि मज्जातंतूंची इजा या दोन कारणांच्या जोडीला, वेदना मोजणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झाल्याने होणारी वेदना हा तिसरा प्रकार मान्य केला. अशा रोग्याला "तुमच्या मनाचा खेळ आहे" असे म्हणणारा मनुष्य आता शास्त्राच्याही विरुद्ध बोलत असतो. यावर एका गोळीचा तोडगा नाही; झोपेची घडी बसविणे, रोज थोडे थोडे वाढवीत नेलेले चालणे, काही निवडक औषधे, आणि घरच्यांनी विश्वास ठेवणे, यांनी महिन्यांच्या हिशेबाने गुण येतो. मी असे रोगी बरे झालेले पाहिले आहेत. पुष्कळ पूर्ण बरे होत नाहीत, परंतु आपले काय दुखते हे एकदा नावानिशी कळल्यावर ते तपासण्यांच्या फेऱ्यांतून सुटतात आणि कामाला लागतात, हेही थोडे नव्हे.

म्हणून मी एक तजवीज सुचवितो. भिगवणात जे झाले ते डोंबिवलीच्या एका प्रभागात का होऊ नये? कळव्यास वैद्यकीय महाविद्यालय आहे, कल्याणास रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीस शास्त्रीनगर रुग्णालय आहे, आणि या नगरात वाचनालये, महिला मंडळे आणि निवृत्त शिक्षक यांची कधी उणीव भासलेली नाही. जिना, लोकल आणि ऊन न मिळणारी खोली यांचा अंगदुखीत नेमका वाटा किती, आणि त्यांच्या नावाखाली दडलेला खरा संधिवात किती, हे खेड्यातील आकड्यांवरून ठरणार नाही. या कामाला यंत्रसामग्री लागत नाही. गेल्या सात दिवसांत कोठे दुखले, सकाळी सांधे किती वेळ धरले, सूज आली का, विश्रांतीने वाढते की कमी होते, ताप कोणत्या तारखेस आला होता, कोणती औषधे चालू आहेत, कोणते काम सोडावे लागले, एवढे प्रश्न आणि माणसाची एक छापील आकृती पुरे आहे. सूज सांगणाऱ्यांना आणि तासाहून अधिक ताठरपणा सांगणाऱ्यांना पंधरा दिवसांच्या आत तज्ज्ञापुढे नेण्याची हमी आधी मिळविली पाहिजे, अन्यथा ही विचारपूस करूच नये. ज्यांना घरोघर जाण्याची इच्छा असेल त्यांनी आपली नावे आज सभागृहाबाहेर ठेवलेल्या वहीत लिहावीत. स्त्रियांची बयाने स्त्रियांनीच, दुपारी, घरातील इतर माणसे बाहेर असताना घ्यावयाची आहेत. तेव्हा भगिनींची नावे आम्हांस अधिक लागतील.